कुंड्या किती ठेवाव्या?

वर घातलेला प्रश्न पाहून कोणी हसेल. ज्याच्या वाट्यास दोन एकर काळी जमीन आहे, तो म्हणेल की शेत असता डब्यात झाड लावण्याचे सोंग कशाला? त्याचे म्हणणे रास्त आहे. परंतु सांप्रत आपल्यातील पुष्कळ कुटुंबांस जमीन नाही. कित्येक जण पोटासाठी चाळीसगाव, जळगाव, धुळे, नाशिक अशा ठिकाणी येऊन एका खोलीत व हातभर परसात दिवस काढीत आहेत. आणि खेड्यातील अंगणांतदेखील आता फरशी व सिमेंट येऊन पोहोचले आहे. अशा घरी कोणास हिरवे काही वाढवावेसे वाटले, तर त्याने ते कुंडीतच वाढवावे लागते. म्हणून हा प्रश्न थोडक्यांचा नव्हे, पुष्कळांचा आहे. शिवाय तो केवळ बागकामाचाही नव्हे, हे पुढे दिसून येईल.

आमच्या घरामागे सुमारे दहा हात लांब व सहा हात रुंद असे परस आहे. त्यावर सिमेंटचा कोबा असल्यामुळे खुरपे चालविण्यास जागाच नाही. सहा वर्षांपूर्वी तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा घरात पडला होता. त्याच्या बुडास खिळ्याने पाच-सहा भोके पाडून, भोकांवर फुटक्या माठाच्या खापऱ्या ठेवून, आम्ही त्यात मेथी पेरली. प्रथम केवळ शेताची काळी माती घातली. ही आमची पहिली चूक होय. आपल्या खानदेशची कापसाची माती शेतात सोन्यासारखी, परंतु डब्यात ती ओली झाली म्हणजे फुगते व पाणी धरून बसते, आणि वाळली म्हणजे आकसून कडांपासून सुटते. मग वरून घातलेले पाणी त्या फटींतून तळाशी निघून जाते व मुळे कोरडीच राहतात. पुढे एक वाटा माती, एक वाटा जुने कुजलेले शेणखत आणि एक वाटा पालापाचोळा व वाळू असे मिश्रण केले, तेव्हा रोपांनी जीव धरला. धणे अखंड न पेरता हलक्या हाताने रगडून, त्याच्या दोन डाळी करून पेरावे, कारण प्रत्येक डाळीत एकेक बी असते, हेही आम्ही असेच चुकत चुकत शिकलो.

ह्या कामातील सुख लहान असते, पण ते खरे असते. पहाटे उठून पाहावे तो काल जेथे केवळ माती होती तेथे दोन हिरवी दले मान वर करून उभी आहेत. पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी घरची मेथी खुडून भाकरीबरोबर खावी. पाहुणा आला असता परसात जाऊन गवती चहाची दोन पाती तोडून आणावी. बाजारात ती जुडी दहा रुपयांस मिळते हे ठाऊक असूनही तिची गोडी निराळी लागते. ज्या मनुष्याचे सारे दिवस इतरांच्या तक्रारी व दुःखे ऐकण्यात जातात, त्यास न बोलणाऱ्या व केवळ वाढणाऱ्या वस्तूंजवळ घटकाभर बसणे किती विश्रांती देते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

असल्या सुखास हलके मानण्याचे कारण नाही. ज्यांच्या देखरेखीखाली १८११ साली श्रीरामपुरास मराठी नवा करार छापला गेला, ते विल्यम केरी मोठे बागप्रेमी होते. कलकत्त्यास १८२० साली कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर एखादे बी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती रिकामी पिशवी सावलीतील मातीवर झटकली. काही दिवसांनी तेथे त्यांच्या मायदेशीच्या कुरणातील डेझी नावाचे साधे फूल उगवले. तीस वर्षांहून अधिक काळ ते त्यांच्या दृष्टीस पडले नव्हते. त्यांचा आनंद पोटात मावेना. बंगालच्या हवेत ते झाड आपोआप टिकणारे नव्हते. म्हणून ते दरवर्षी त्याचे बी धरून नव्याने पेरीत असत. वाचकांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, तिच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

आता आमच्या अपराधाची हकीकत सांगतो. सुखाची एक खोड अशी की ते थोड्यावर थांबत नाही. आषाढाचे दिवस होते. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांवर ढग उतरले होते, तितूर व डोंगरी ह्या आमच्या गावच्या नद्यांस पाणी आले होते, आणि जी काडी खोचावी तिला पालवी फुटत होती. कोणी जास्वंदीची फांदी दिली, कोणी भरताच्या हिरव्या वांग्याची रोपे दिली, कोणी कढीपत्त्याचा फुटवा आणून दिला. फुटक्या बादल्या, रंगाचे डबे, सिमेंटची रिकामी पोती, सारे कामी आले. पाणी आकाशातून पडत होते; आम्हांस काहीच करावे लागत नव्हते. पाहता पाहता कुंड्यांची संख्या एकतीस झाली. येणारे-जाणारे तोंडभरून स्तुती करीत, व आम्हीही, खोटे कशास बोलावे, फुगून जात असू.

मग वैशाख आला. आपल्याकडील वैशाख म्हणजे काय हे वाचकांस सांगणे नको. पारा ४४ अंशांवर जातो. जमिनीतील झाडाची मुळे अशा वेळी खोल गारव्यात असतात. परंतु कुंडीस चहूबाजूंनी ऊन लागते. पत्र्याच्या डब्यास हात लावला तर चटका बसे, मग आतील मुळांची काय अवस्था असेल? मातीची कुंडी माठाप्रमाणे पाझरून गार राहते, पण त्याच कारणाने लवकर वाळते. मिरचीची फुले उन्हाने गळून पडली. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला. कूपनलिकेच्या जड पाण्याने कुंड्यांच्या काठांवर पांढरे क्षार चढले. बुडाखाली ठेवलेल्या थाळ्यांत पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या, म्हणून त्या थाळ्या दर आठवड्यास पालथ्या घालून पुसाव्या लागल्या. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की एकतीस कुंड्यांस दररोज जवळजवळ तीन हंडे पाणी लागू लागले.

त्याच दिवसांत नळाचे पाणी काही दिवसांआड येत होते. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई दोन नातवांसह राहतात. त्या मजुरीस जातात. त्या दिवशी नळ आला तेव्हा त्या कामावर होत्या व मुले शाळेत होती. संध्याकाळी आम्ही झारीने कुंड्यांस पाणी घालीत असता त्या कुडापलीकडे येऊन उभ्या राहिल्या. काही वेळ पाहत राहून, हसतच, आपल्या अहिराणी बोलीत म्हणाल्या, “बाबा, तुमना झाडेसले पानी भेटस, अन् मना हंडा रिताच शे.”

त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेशही नव्हता. आम्ही तत्काळ दोन हंडे त्यांच्या घरी पोहोचविले. परंतु हंडे देऊन बाईंची त्या रात्रीची गरज भागली, प्रश्न काही मिटला नाही. तो घेऊनच आम्ही अंथरुणावर पडलो. तहानलेल्या शेजाऱ्याच्या देखत झाडांस पाणी घालणे योग्य आहे काय?

पहिले समाधान मनात आले ते असे की ह्या झाडांपासून अन्न मिळते, तेव्हा हे पाणी वाया जात नाही. परंतु हिशेब केला तेव्हा हे समाधान टिकले नाही. उन्हाळ्यात एका डब्यातून जी मूठभर भाजी निघे, तिच्यापायी ओतलेले पाणी त्या भाजीहून मोलवान होते. आम्ही अन्न पिकवीत नव्हतो, आपली हौस पुरवीत होतो.

दुसरे समाधान अधिक वजनदार होते. झाड हाही जीव आहे. मुका आहे म्हणून त्यास मरू द्यावे काय? ह्यात सत्य आहे, आणि कुंडीतील झाडाविषयी तर विशेष सत्य आहे. बांधावरील कडुनिंब वैशाखात कोणापाशी पाणी मागत नाही. आपले पाणी तो आपण शोधतो. पण ज्यास आम्ही उचलून वीतभर डब्यात कोंडले, त्याचा शोधण्याचा मार्गच आम्ही बंद केला आहे. त्याचे पाणी तोडून ‘आता निसर्गाची इच्छा’ असे म्हणणे म्हणजे गोठ्यात बांधलेल्या जनावरास दाणा-पाणी न घालता ‘त्याने चरून यावे’ असे म्हणणे होय. आपण ज्यास आपल्या आश्रित केले, त्याचे आपण देणेकरी झालो.

मग एकीकडे शेजारणीची तहान व दुसरीकडे हे देणे, ह्यांतून वाट कोणती? मनुष्याची तहान प्रथम, ह्याविषयी शंका नको; दोहोंतून एकच भागत असेल तर झाड जावे. परंतु असा पेच येऊच का दिला, हा खरा प्रश्न आहे. विचार करिता आम्हांस कळून आले की आमची चूक वैशाखात घडली नव्हती. ती आषाढातच घडून गेली होती. जेव्हा पाणी फुकट होते, तेव्हा आम्ही एकतीस जिवांस वचन देऊन बसलो. आणि ते वचन फेडण्याचा महिना आला तेव्हा शेजारणीच्या हंड्यासमोर उभे राहण्याची पाळी आली.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर आमच्या गावात महापूर आला, घरांत व दुकानांत पाणी शिरले, आणि कित्येकांच्या संसारांबरोबर त्यांची परसातील झाडेही वाहून गेली. त्याचा दोष त्या घरधन्यांवर कोणी ठेवणार नाही. केरींची श्रीरामपूरची बागही १८२३ सालच्या दामोदर नदीच्या पुराने उद्ध्वस्त केली होती, व त्यांनी ती पुन्हा उभारली. पूर अवचित येतो. वैशाख मात्र दरवर्षी सांगून येतो. जो सांगून येतो त्याचा विचार न करिता भार उचलणे, ही आपत्ती नव्हे, ही आपली कसूर होय.

म्हणून आम्ही पुढील वर्षी असे केले. घरात तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी आठ दिवस निराळ्या बादलीत साठवून मोजले. चार माणसांच्या घरात ते दिवसास सरासरी एक हंडा भरले. तेवढ्यात अकरा कुंड्या वैशाखात जगतात. म्हणून बारमाही झाडांच्या कुंड्या अकराच ठेवल्या. उरलेल्यांपैकी कढीपत्ता व जास्वंद पावसाच्या आरंभी ओळखीच्यांच्या जमिनीत लावून दिली. तेथे आता त्यांस आमची गरज नाही. मेथी, कोथिंबीर, पालक ही अल्पायुषी भाजी पूर्वीप्रमाणेच डब्यांत करितो, परंतु अशी की फाल्गुनाअखेर तिचे आयुष्य पुरे व्हावे. मग ते डबे वैशाखात रिकामे पडून राहतात. राहिलेल्या कुंड्या भिंतीच्या पूर्वेस एकमेकींस खेटून ठेवितो, म्हणजे दुपारचे ऊन चुकते. मातीवर पाचोळ्याचा दोन बोटे थर देतो, म्हणजे ओल टिकते. आणि किडीसाठी लिटरभर पाण्यात पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळून फवारितो. नळाचे ताजे पाणी कुंड्यांस घालीत नाही.

कोणी म्हणेल, असा हिशेब करीत बसणारा मनुष्य कोणतेच चांगले काम आरंभणार नाही. प्रेमास मोजमाप कसले? ह्या आक्षेपात अर्थ आहे. भीतीने एकही बी न पेरणारा मनुष्य आमच्या मते एकतीस कुंड्या सुकविणाऱ्याहून बरा नव्हे. परंतु आम्ही ‘आरंभू नका’ असे म्हणत नाही. आम्ही इतकेच म्हणतो की आरंभाची संख्या सोप्या महिन्यावरून ठरवू नये, कठीण महिन्यावरून ठरवावी. केरींनी त्या एका फुलासाठी दरवर्षी नव्याने बी पेरिले. प्रेमाची खूण उगवल्या दिवशीच्या हर्षात नसते, ती त्या पुन्हा पुन्हा पेरण्यात असते.

आणि हे कुंड्यांपुरतेच आहे काय? सुगीत पैसा हाती असता लोक गाय विकत घेतात, आणि कडबा संपला म्हणजे तिला बाजार दाखवितात. उत्साहाच्या सभेत आपण रात्रीची शाळा काढतो, पोरक्या मुलाच्या फीचा भार घेतो, आजाऱ्यास दर आठवड्यास भेटण्याचे वचन देतो. आणि चार महिन्यांनी ते मूल व तो आजारी दाराकडे डोळे लावून बसतात. ज्याने आपल्यावर विसंबून दुसरा मार्ग शोधणे सोडले, त्यास सोडून देणे हे मुळीच हाती न धरण्याहून वाईट होय. ह्यात प्रस्तुत लेखक स्वतःस वगळीत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात शेजारच्या बाईंनी आमच्याकडून पुदिन्याचा एक डबा मागून नेला. आम्ही आग्रहाने दुसराही देऊ लागलो. त्यांनी दोन्ही डबे उचलून पाहिले, क्षणभर विचार केला, आणि एक परत ठेविला. एकालाच पाणी पुरेल, असे त्या म्हणाल्या. जे समजण्यास आम्हांस सहा वर्षे व एकतीस कुंड्या लागल्या, ते त्यांस आधीच ठाऊक होते.