नुलिय चंदय्यांचा दोर आणि मनोरुग्णाचे कायक



जोयडा तालुक्यातील उळवी हे चेन्नबसवण्णांचे समाधिस्थान. माघातील यात्रेला आपण बेळगाव-धारवाडकडून बैलगाड्या जोडून तेथे येता. कोपऱ्यात स्वतःशीच बोलत बसलेला एखादा तरुण दिसला तर त्यालाही प्रसाद वाढता. हा दासोह उत्तमच. परंतु त्याच्या हाती कायक कोण देणार?

येथे नुलिय चंदय्यांची कथा आठवावी. दोर वळून निर्वाह करणारे हे शरण तळ्याकाठी गवत कापीत असता त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले. चंदय्या काम सोडून थांबले नाहीत. लिंगच त्यांच्यामागे आले. अखेर मडिवाळ माचय्यांनी मध्यस्थी केली आणि लिंगाकडे दोर विकण्याचे काम आले, असे सांगतात. लिंगालाही कायक चुकले नाही, एवढाच अर्थ आपण नेहमी काढतो. मला त्यात माचय्या अधिक मोलाचे वाटतात. काम देणारा आणि काम मागणारा यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावे लागते.

मनोरुग्णाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते, “आधी पुरता बरा होऊ दे, मग कामाचे पाहू.” या ‘मग’मध्ये आयुष्य सरते. स्किझोफ्रेनियासारखा आजार पुष्कळदा मधुमेहाप्रमाणे औषधाने आटोक्यात राहतो, समूळ जातोच असे नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात १९९० नंतरच्या काळात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रमच उलटा केला. आधी रुग्णाच्या पसंतीची, खऱ्या पगाराची नोकरी. शिकणे त्या नोकरीवरच. सोबत एक कार्यकर्ता, जो डॉक्टरांशी बोलतो, मालकाशी बोलतो आणि नोकरी लागली म्हणून निघून जात नाही. औषध अर्थातच चालू. पुढे अनेक देशांत तुलना झाली, तेव्हा या मार्गाने निम्म्याहून अधिक जणांना नोकरी मिळाली. इतर पद्धतींनी सुमारे चौथ्या हिश्श्याला. म्हणजे माचय्या तेथेही लागलेच!

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरला आणि सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांत त्याला वाटा दिला. पण जोयड्याच्या रानात सरकारी नोकऱ्या त्या किती? तेथे काम आहे ते पर्यटकांच्या निवासांत, रोपवाटिकेत, सुपारीच्या बागेत. आणि ते देणारे आपल्यापैकीच आहेत.

आजाऱ्याला कामाला जुंपा, असे मी म्हणत नाही. त्याला काय आवडते ते प्रथम विचारा. औषधाने सकाळी झापड येत असेल तर काम दहाला सुरू करू द्या. धारवाडच्या मनोरुग्णालयात दाखवायची तारीख असेल त्या दिवशी कुरकुर न करता सुटी द्या; जोयड्याहून जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. मजुरी इतरांइतकीच, आणि ती त्याच्याच हाती, थोरल्या भावाच्या नव्हे. गावातला माचय्या मात्र आधीच ठरवून ठेवा. आशा कार्यकर्ती असो, निवृत्त शिक्षक असो की मठाचा सेवेकरी. तो गडी ज्या दिवशी कामावर येणार नाही, त्या दिवशी मालकाने दुसरा माणूस लावण्यापूर्वी यांनी त्याच्या घरी जाऊन यावे.