लोभाचे लहान रूप

चित्रपट पाहून माणूस सुधारतो काय, हा वाद जुना आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह नाही. आम्हांस त्याहून लहान, परंतु आपल्यासारख्या नोकरदारांस अधिक जवळचा असा प्रश्न विचारावासा वाटतो. पडद्यावरील लोभी आणि सत्तांध माणूस पाहताना आपण स्वतःला कोणाच्या जागी बसवतो?

मराठी माणसांनी हा विषय फार लवकर पडद्यावर आणला. बाबुराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात शेतकऱ्याची जमीन गिळणारा सावकार आला. पन्नास वर्षांनी, विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या व जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’त (१९७५), त्याची जागा साखरपट्ट्यातील पुढाऱ्याने घेतली. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून पटेलांनीच केलेल्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) ती मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीपर्यंत पोहोचली, आणि राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटात कोकणातील एका वाड्याखाली लोभ साक्षात राक्षस होऊन बसला.

लोभाचा आकार असा वाढत गेला, की प्रेक्षकाची मोठी सोय होते. राक्षसाशी आपले नाते काय? साखर कारखाना आपल्या ताब्यात नाही; मुख्यमंत्रिपद आपल्या वाट्यास येण्याचा संभव नाही. आपण दुसऱ्याच्या लोभाचा मनसोक्त तिरस्कार करतो आणि देवदर्शन करून आल्यासारखे प्रसन्न मनाने घरी परततो.

वस्तुतः या चित्रपटांनी आपणांस इतकी मोकळीक दिलेली नाही. ‘सामना’ म्हटले की निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील आठवतो. आम्हांस मात्र श्रीराम लागूंचा मास्तर अधिक अस्वस्थ करतो. स्वातंत्र्यलढ्यातून आलेला आणि दारूच्या आहारी गेलेला हा मनुष्य हिंदुरावाच्याच आश्रयाने राहतो, आणि त्याच्याच घरात बसून मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, हे विचारीत राहतो. ‘तुंबाड’मधील विनायक सोन्याची नाणी आणण्याची विद्या आपल्या अजाण मुलास शिकवतो, लोभ तेथे घराण्याचा धंदा होतो. मोठ्या सत्तेच्या सावलीत वावरणारी माणसे कशी घडतात, हाच या दोन्ही कथांचा गाभा होय. आणि तेथे आपण दूरचे प्रेक्षक राहत नाही.

आमचेच सांगतो. बदली होऊन बंगळुरास आलो आणि महादेवपुऱ्यात बिऱ्हाड केले. कन्नडमधील जे पहिले दोन शब्द आमच्या तोंडी रुळले, ते ‘नाळे बन्नी’, म्हणजे ‘उद्या या’. एके दिवशी एक वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी आले. फाइल आमच्या डाव्या हाताशी होती. तीत काहीही उणे नव्हते. परंतु त्यांचा स्वर आम्हांस जरा चढा वाटला. आम्ही म्हणालो, ‘नाळे बन्नी.’ ते दोन बस बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. कागद मिळताच त्यांनी हात जोडले. आदल्या दिवशीचा स्वर आता उरला नव्हता. आणि ते जोडलेले हात आम्हांस आवडले.

आम्ही कधी कोणाकडून पैसा घेतलेला नाही, आणि या गोष्टीचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या दिवशी आम्ही काहीच घेतले नाही, असे म्हणता येईल काय?

यावर कोणी म्हणेल, की एका दिवसाचा विलंब आणि एखाद्या पुढाऱ्याने माणूस नाहीसा करणे यांची तुलना हास्यास्पद आहे. आक्षेप रास्त आहे. दोन्ही अपराध सारखे नाहीत, आणि सर्वांनाच अपराधी ठरवले तर खरा अपराधी सुखाने झोपेल. आमचे म्हणणे इतकेच, की त्यांचे बीज एक आहे: दुसऱ्याची गरज आपल्या हाती आली, की तिची चव घ्यावीशी वाटणे. १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लाच पकडू शकतो. ही चव पकडणारे कलम कोणत्याही कायद्यात लिहिता येणार नाही. ती ज्याची त्यानेच ओळखावी लागते. शिवाय, शेजारच्या टेबलावरील नवा कारकून आपल्याकडे पाहूनच काम शिकत असतो.

१९९० नंतरच्या दशकात बंगळुरात व आसपासच्या वस्त्यांत एक वदंता पसरली होती, असे येथील लोक सांगतात. रात्री एक भूत दार ठोठावते. म्हणून लोकांनी दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवले. भूत ते वाचून परत जाई आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाची. ही हकिकत प्रथम ऐकली तेव्हा आम्ही हसलो. मागाहून ध्यानात आले, की ज्या शब्दांनी लोकांनी भूत परतवले, त्याच शब्दांनी आम्ही माणूस परतवला होता.

चित्रपटाने माणूस सुधारतो काय, हे आम्हांस अजूनही सांगता येत नाही. एवढे मात्र खरे, की ‘नाळे बन्नी’ म्हणण्यापूर्वी हल्ली आम्ही फाइल उघडून पाहतो.