आयुष्याची दोरी



कोणी चाळिशी-पन्नाशीत गेले की मातीला जमलेली माणसे म्हणतात, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." दुःखात या वाक्याचा आधार वाटतो, त्यात श्रद्धाही आहे. पण कधीकधी ते आपल्या सोयीचेही असते.

आयुष्याची दोरी देवाच्या हाती, असे आपण मानतो. शास्त्रज्ञांना पेशीच्या आत जे दिसले तेही दोरीसारखेच आहे. कासऱ्याचे टोक उसवू नये म्हणून शेतकरी त्याला गाठ मारतो. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींत 46 गुणसूत्रे असतात आणि त्यांच्या 92 टोकांना अशीच गाठ असते. रोझरी म्हणताना एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा यावी तशी तिथे डीएनएची तीच सहा अक्षरे, टीटीएजीजीजी, शेकडो-हजारो वेळा येतात. त्यांत प्रथिने बनवण्याचा आदेश नसतो. आपण झिजायचे आणि आतल्या जनुकांना झीज लागू द्यायची नाही, हे त्यांचे काम. पेशी विभागते तेव्हा टोकाची काही अक्षरे गळतात. टोक फार आखूड झाले की पेशी विभागायची थांबते. माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत साधारण पन्नास वेळा विभागून थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवले.

या टोकाला टेलोमिअर म्हणतात. ग्रीक भाषेत 'टेलॉस' म्हणजे शेवट, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उद्दिष्ट. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू क्रुसावरून आपले कार्य पूर्ण झाल्याचे सांगतो, त्या ग्रीक शब्दाचे मूळही हेच आहे.

झिजलेले टोक पुन्हा वाढवणारे एक विकर आहे, टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत कॅरोल ग्रायडर यांना त्याचा पहिला पुरावा दिसला तो दिवस होता 25 डिसेंबर 1984, म्हणजे नाताळ! या दोघींना जॅक शोस्टॅक यांच्यासह 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग अमरत्वाचे औषध सापडणार, असे अनेकांना वाटू लागले. पण हे विकर सतत चालू असलेल्या पेशी आपल्या ओळखीच्या आहेत. बहुतेक कर्करोगांच्या पेशी अशाच असतात. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूच्या शेतात वाढलेली गरीब कृष्णवर्णीय आई. 1951 साली तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, पाच लेकरे मागे ठेवून ती गेली. त्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. थांबायला नकार देणाऱ्या त्या पेशींनीच तिचा जीव घेतला होता.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 साली 'स्पे साल्वी' या पत्रात हाच प्रश्न मांडला होता: हेच जगणे न संपता चालत राहावे, असे आपल्याला खरोखर हवे आहे का? तसे झाले तर जगणे ओझे होईल, असे त्यांनी म्हटले. सार्वकालिक जीवन म्हणजे दिवसांची लांबण नव्हे. तेव्हा शेवट आहे, याविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती अकाली झिजण्याविषयी. ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी 2004 साली 58 मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 39 जणी आपल्या दीर्घ आजारी मुलांची सेवा करत होत्या. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता त्यांची टोके, सर्वात कमी ताण असलेल्यांपेक्षा, वय निदान दहा वर्षांनी वाढल्यासारखी आखूड होती. अभ्यास छोटा होता, त्यावरून कोणाच्याही मरणाचा दिवस सांगता येत नाही. टोके मोजून 'खरे वय' सांगणाऱ्या चाचण्या आता विकल्या जातात, त्यांच्या नादी लागू नये. प्रयोगशाळेतल्या उंदराची टोके आपल्यापेक्षा लांब असतात, आणि तो जगतो दोन-तीन वर्षे. त्या पैशात घरातल्या म्हाताऱ्यांचा चष्मा होईल.

पण काळजी आणि कष्ट माणसाला आतून झिजवतात, हे कळायला राणीसावरगावच्या माणसाला नोबेल लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरून कोयते ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. अंधारात उठायचे, ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. चाळिशीत ती साठीची दिसते. ती गेली की तिचेही आयुष्य तेवढेच होते, असे आपण म्हणायचे का? माणसाला शेवट देवाने ठेवला, पण खाड्याचा दंड देवाने ठरवलेला नाही. तो माणसांनी बसून ठरवला आहे, आणि त्या उसाची साखर आपल्या चहात आहे. कोयता गावी परतला की मुकादमाकडचा हिशेब तिला वाचून दाखवायला आणि दवाखान्यात तिच्यासोबत बसायला आपल्यातले कोण जाईल?