माळवदाची धास्ती

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच माळवदाखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, त्यावर लाकडं आणि मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं हेच घर क्षणात ढिगारा झालं. मग लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ-निलंग्याच्या बाजूलाही, लोक अंगणात अंथरुणं टाकून निजू लागले.

घर शाबूत असलेलेसुद्धा!

या वागण्याचं खापर हल्ली पटकन अमिग्डालावर फोडलं जातं. कानशिलाच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, बदामाएवढा पेशींचा हा पुंजका. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की आवाजाची वर्दी बाह्य मेंदूला वळसा घालून थेट इथे पोचू शकते. आवाज कसला हे उमगायच्या आत छाती धडधडते ती त्यामुळे.

म्हणून याला ‘भीतीचं केंद्र’ म्हणून मोकळं व्हावं, तर एस. एम. ही अमेरिकन बाई आडवी येते. दुर्मीळ आनुवंशिक आजारानं तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झालेले. साप ती कुतूहलानं हाताळायची, भुताचे सिनेमे थंडपणे बघायची. पण कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला देताच ती भेदरली. २०१३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाहेरच्या धोक्याला अमिग्डाला लागतो, पण श्वास कोंडल्याची घबराट त्याच्यावाचूनही उठते. लेडू स्वतःही आता ‘भीतीचं केंद्र’ म्हणायला राजी नाहीत. त्यांच्या मते हा भाग धोका हेरतो, भीतीची जाणीव मात्र मेंदूत इतरत्र घडते.

२०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, सौम्य धक्केही बसले. गाव पुन्हा रात्री घराबाहेर. त्यात १९९३ नंतर जन्मलेली पोरंही होतीच. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण चूक आहे. भीती नुसतं ऐकूनही जागते. एलिझाबेथ फेल्प्स यांच्या २००१ च्या प्रयोगात माणसांना एवढंच सांगितलं होतं, की अमुक रंगाचा चौकोन दिसला की विजेचा झटका बसू शकतो. चौकोन दिसताच त्यांचा डावा अमिग्डाला जागा होई. झटका मात्र कुणालाच दिलेला नव्हता.