बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हातात 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत करून टाकलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट इथे थांबवली तर ती झकास जमते, आणि बहुतेकदा ती इथेच थांबवली जाते. टिळकांची खरी कसोटी मात्र त्या तारखेनंतर लागली.

'ख्रिस्ती' हा शब्द अख्ख्या नव्या करारात अवघा तीनदा येतो. 'शिष्य' अडीचशेहून अधिक वेळा. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा अंत्युखियात पडलं, असं 'प्रेषितांची कृत्ये' सांगतात. म्हणजे शिष्य आधी होते, नाव मागाहून चिकटलं. मूळ ग्रीक शब्द 'माथेतेस', अर्थ शिकणारा. मराठीत त्याला 'शिष्य' लाभला हे भाग्यच. तो 'शास्' धातूतून येतो: ज्याला शिकवायचं, वळण लावायचं, तो. अनुयायी काय, पुढाऱ्यांनाही असतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने जी आज्ञा दिली, तिच्या ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं ही त्याला जोडलेली धातुसाधितं. पण बाप्तिस्म्याची तारीख असते, नोंदवही असते, दाखला मिळतो. शिष्यत्वाची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

पंडिता रमाबाईंनी हा पेच उघड मांडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि लगेच त्यांची त्यांच्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिनशी, पत्रांतून जुंपली. चर्च सांगेल ते निमूट मानायचं की आपल्या बुद्धीला साक्षी ठेवायचं, हा वादाचा मुद्दा. पुढे १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी जे कबूल केलं, ते तसं लिहायला धीर लागतो: बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर जगभरच्या मिशनरी वर्तुळांत त्यांचं नाव दुमदुमत होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं घड्याळ नेमकं उलटं चाललं. नवऱ्याने धर्म बदलला आणि त्यांच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. मुलाला, दत्तूला, घेऊन काही वर्षं त्या नातेवाइकांत राहिल्या. मग टिळकांकडे परतल्या, पण सोवळं बरोबर घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. हे सगळं 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतःलाच हसत सांगितलं आहे. असंच एकदा त्या विचार करत बसल्या: जात देवाने केली की माणसाने? प्राण्यांत देवाने वेगवेगळ्या जाती केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांत तसा भेद दिसेना. उत्तर मिळाल्यावर त्यांनी ठरवलं की आता कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. तेव्हा त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा पुढे, १९०० साली झाला.

येशूच्या शिष्यांवर तक्रारच होती की ते न धुतलेल्या हातांनी जेवतात. पेत्रालाही परक्यांच्या घरात पाऊल टाकण्याआधी दृष्टान्त व्हावा लागला. लक्ष्मीबाईंनी तोच धडा आपल्या चुलीपाशी गिरवला. पाळक नाही, विधी नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मोडणारा नुसता पाण्याचा एक घोट. त्याला शिष्यत्व म्हणायचं नाही, तर मग कशाला?

हा प्रश्न बहुधा टिळकांच्याही मनात घोळत असावा. ते रेव्हरंड होते, 'ज्ञानोदय'चे संपादक होते, त्यांचे अभंग मंडळ्यांत पेटीच्या सुरावर गायले जात. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. तरीही १९१७ साली, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही. अट ख्रिस्ताचा शिष्य असण्याची.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो पोकळ नाही. बाप्तिस्मा न घेता शिष्य राहणं म्हणजे जातीतली ऊबही सुटायला नको आणि ख्रिस्तही हवा, असा सोयीचा मामला होऊ शकतो. ज्या टिळकांनी बाप्तिस्म्यापायी बायको-मुलाचा विरह सोसला, त्यांना ही किंमत ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? पण किंमत एकदाच मोजून काम भागत नाही, हेही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पन्नाशी उलटल्यावर, नाव आणि मान मिळाल्यावर ते पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसले. दरबारची व्यवस्था तशी कच्चीच होती. तिची मांडणी कवीची होती, संघटकाची नव्हे. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

मागे राहिलं अर्धवट 'ख्रिस्तायन'. येशूचं चरित्र ओव्यांत सांगायला घेतलेलं, जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आलेलं. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरं त्यांना टिळकांनी शिकवलेली. नवरा गेल्यावर त्यांनी ते काम हाती घेतलं आणि पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. साठी ओलांडलेल्या या विद्यार्थिनीला तेव्हा शिकवायला कुणी उरलं नव्हतं.