दारी न आलेल्याचे ऋण

वारकरी सज्जनहो, गेल्या कार्तिकात मूल तालुक्यातील एका गावी काकड्याची समाप्ती होती. काला झाला, पंगती उठल्या, आणि एक वृद्ध माळकरी जवळ येऊन बसले. म्हणाले, "महाराज, भुकेला दारी आला तर ताटातला घास देतो. पण जो दारी आलाच नाही, तिकडे गडचिरोलीच्या रानात कुठंतरी आहे, त्याचं आपण काही देणं लागतो का?" प्रश्न साधा, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून त्याचा विचार येथे करतो.

नाथमहाराजांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. कोणी म्हणेल, गाढव समोर होते म्हणून पाजले. पण नीट पाहा. ते गाढव त्यांच्या गोताचे नव्हते, गावचेही नव्हते. त्याला तहान होती आणि यांच्या कावडीत पाणी होते, एवढेच काय ते नाते. त्या नात्यात अंतराला जागाच नाही. पूर्वी दूरची तहान कळत नसे, तेव्हा दोष नव्हता. आज कळते. कळूनही तोंड फिरवले तर तो दोष अंतराचा नव्हे, आपला.

ऑस्ट्रेलियाचे तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली, पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल पाहून, हाच मुद्दा मांडला. तळ्यात मूल बुडताना दिसले तर कपडे चिखलाने भरतील म्हणून कोणी काठावर थांबत नाही. मग मूल डोळ्यांआड मरते एवढ्यावरून आपण मोकळे कसे होतो?

यावर आपल्यातलेच काही म्हणतात, "ज्याचं त्याचं प्रारब्ध!" त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय व राणी बंग १९८६ साली तेथे गेले. १९८८ साली त्यांच्या कामाच्या गावांत जन्मलेल्या हजार बालकांमागे १२१ बालके वर्षाच्या आत जात. पुढे १९९५ पासून ३९ गावांत, गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडला तर काय करावे, जंतुदोष कसा ओळखावा, औषध केव्हा द्यावे, हे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी, ही सोय नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ साली केंद्र सरकारने ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेण्याचे ठरवले. आता सांगा, ती लेकरे प्रारब्धाने जात होती, की शिकवलेला हात जवळ नव्हता म्हणून? दुसऱ्याचे प्रारब्ध आपल्याला वाचता येत नाही. आपले कर्तव्य मात्र वाचता येते. प्रारब्ध हा शब्द आपल्या दुःखात धीर धरण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखात हात बांधण्यासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक बोचणारी आहे. आपण 'देतो' म्हणतो, पण आधी 'घेतले' किती? चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला. त्या कागदावर वह्या झाल्या, पुस्तके झाली. कोण जाणे, एखादी पोथीही झाली असेल. बांबू तोडणाऱ्याला मजुरी मिळाली, मालकी नाही. चंद्रपूरचा कोळसा जळतो आणि दिवे दूरच्या शहरांत लागतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून गाव आपला बांबू आपणच विकू लागले. त्या गावाला कोणी भीक घातली नाही. जे त्याचे होते ते त्याच्याकडे परतले. रानातल्या माणसाला आपण याचक समजतो. हिशेब मांडला तर बऱ्याचदा सावकार तो निघेल, आणि ऋणको आपण.

मग द्यावे तरी किती? प्रपंच उधळावा काय? तर नाही. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ती भावाचा वाटा त्याच्या हवाली करून, आपल्या वाट्याची. लेकरांच्या ताटातले ओढून देण्याची गरज नाही. पण आपल्या वाट्यात नुसता मिरवण्याचा भाग किती, हे ज्याने त्याने विठ्ठलाला साक्षी ठेवून पाहावे. सप्ताहाचा मंडप थोडा लहान झाला, पंगतीत एक पक्वान्न कमी झाले, तर देव रागावणार नाही. ती रक्कम दूरच्या रानातल्या एखाद्या बाळंतिणीच्या ऊबदार कापडाला लागू द्या. आणि रानातले गाव आपला हक्क मागू लागले, तर निदान त्याच्या विरुद्ध बोलू नका. तेही देणेच आहे.

त्या वृद्ध माळकऱ्यांना आता एवढेच सांगेन : बाबा, पंढरीनाथ आपल्या दारी येत नाही म्हणून का आपण वारी सोडतो? आपणच चालत जातो ना! जो दारी आला नाही त्याच्याकडेही तसेच जायचे.

राम कृष्ण हरी.