विकतही नाही, चालवतही नाही

उभे राहा. सिंदी, सेलू, हिंगणघाट, देवळी, पुलगाव, जिथे कुठे वाड्यामागच्या टीनाखाली जुनी मोटार उभी आहे आणि तिला वर्षानुवर्षे पाना लागलेला नाही, तिथले मालक उभे राहा. तुमच्यातले बरेच जण माझ्या वर्गात बसून गेले आहेत. वर्गात मी कधी कुणाच्या चुकीवर पांघरूण घातलं नाही, आताही घालणार नाही.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. "आजोबांची आहे सर, विकायची नाही." बरं, मग चालू कर. "करायची आहे ना सर, थोडी फुरसत होऊ द्या." हेच उत्तर तुमच्या वडिलांनी दिलं, तेच तुम्ही देता, आणि तुमची मुलं ते ऐकत मोठी होताहेत. दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकू वाहता, झेंडूचा हार घालता. तो हार वाळून आपोआप गळून पडेपर्यंत कुणी तिकडे फिरकत नाही. कुणी विकत मागायला आला तर मात्र तुमचा आवाज चढतो, जणू त्याने घरातलं माणूस मागितलं.

घरातलं माणूस असतं तर तुम्ही त्याला असं ठेवलं असतं का?

त्या शेडखाली काय चाललं आहे ते आधी ऐका, कारण तुमच्यातल्या अनेकांनी दार उघडून पाहिलेलंही नाही. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मोटार उभी केली की खालून महिनोन् महिने ओल चढत राहते. वरून तुम्ही प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळता आणि गाडी झाकली म्हणून समाधान मानता; ती ताडपत्री आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. पायाखालच्या रबरी मॅटखाली पाणी साचून पत्रा चाळणीसारखा होतो. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये घट्ट बसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि चाकं धरून बसतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात, इंजिन जाम होतं. मे महिन्याच्या उन्हात दारांची रबरं तडकतात, टायर बसल्या जागी चपटे होतात, वायरिंग उंदीर खातात. गाडी फारच जुनी असेल, बॉडीला लाकडी चौकट असेल, तर तिला उधई लागते.

आणि फियाटवाल्यांनी नीट ऐकावं. फियाट 1100 आणि तिचंच पुढचं रूप म्हणजे प्रीमियर पद्मिनी, या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. ॲम्बेसेडरचंही तेच. दाराखालचा पत्रा गंजला की गाडीचा आधारच जातो; मग जॅक लावावा तर तो पत्रा फाडून वर येतो. जीपची चासी दणकट असते, ती तुमचा आळस काही वर्षं सोसते. फियाट नाही सोसत. "रंग उडालाय फक्त, सर" असं मला सांगू नका. खाली वाका, मॅट उचला, बोटाने दाबून पाहा.

चालून गाडी झिजते, हे खरं. पण झिजलेला भाग बदलता येतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पाहा. चौपाटीची खारी हवा, वाहतूक कोंडी, दिवसरात्र दोन पाळ्यांत हाकलणं, आणि तरी त्या चालल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरली म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. नियमाने ती उतरवली, गंजाने नाही. तो टॅक्सीवाला काही तुमच्यापेक्षा श्रीमंत नव्हता. त्याचं पोट तिच्यावर होतं म्हणून तो रोज सकाळी बॉनेट उघडून तेल-पाणी बघत होता, एवढाच फरक. तुमच्याकडे तीच गाडी सावलीत, विश्रांतीत, मालकी हक्काने उभी होती, आणि तुमच्याकडे ती मेली.

तुम्ही काय कुजवता आहात ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात, पुढे फियाट बनू लागली. त्याच्याही आधी 1928 पासून जनरल मोटर्स शिवडीला शेव्हरोलेट जुळवत होती. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्समध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावरून ॲम्बेसेडर आली आणि 2014 पर्यंत निघत राहिली. स्कूटरवाल्यांनीही खाली बसू नये: बजाजांचं घराणं याच वर्ध्याचं. जमनालालजींना दत्तक घेतलेल्या बच्छराजजींच्या नावाने 1945 मध्ये जी व्यापारी कंपनी निघाली, तीच पुढे बजाज ऑटो झाली. वर्ध्याच्या माणसाच्या गोठ्यात जुनी बजाज स्कूटर कडब्याखाली पडलेली असावी, ही लाज वाटायची गोष्ट आहे.

त्या काळात गाडी दुकानात जाऊन उचलून आणता येत नव्हती. पैसे भरायचे, नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. तुमच्या आजोबांनी कापसाच्या, संत्र्याच्या पैशातून ते पैसे भरले, वाट पाहिली, गाडी आली तेव्हा गल्ली जमली असेल. तिच्यातून बाळंतिणी वर्ध्याच्या, नागपूरच्या दवाखान्यात गेल्या, वराती निघाल्या, आजारी शेजाऱ्याला रात्री अपरात्री नेलं. आणि आज तुम्ही मला 'आठवण' हा शब्द ऐकवता. गाडीची आठवण तुमच्या मनात आहे, तिला टीनाची गरज नाही. टीनाखाली जे आहे ते एक यंत्र आहे, आणि यंत्राला तेल लागतं. आजोबांचा फोटो दरवर्षी पुसता, त्यांच्या नावाने पितृपक्षात पान वाढता. त्यांनी सगळ्यात जास्त जपलेली वस्तू मात्र कोंबड्यांना अंडी घालायला दिली आहे.

वस्तू कशी जपायची हे सिंदीने कुणाकडून शिकायचं? आपल्या गावाचा तान्हा पोळा विदर्भात नावाजलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी घेऊन निघतात. काही नंदी इतके मोठे की त्यांना ओढायला मोठी माणसं लागतात. ते नंदी आजोबा-पणजोबांच्या काळचेही आहेत. दरवर्षी ते खाली उतरतात, त्यांना रंग लागतो, चाकांना तेल मिळतं, मोडलेलं शिंग सुतार बसवून देतो, झूल नवी शिवली जाते, आणि मग ते पोरांच्या हाती जातात. माळ्यावर गुंडाळून ठेवून कुणी त्यांचा मान राखत नाही. त्याच घरात, त्याच परसात, नंदीपासून दहा पावलांवर मोटार सडते. हे तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता खऱ्या कारणाकडे येतो. बहुतेक घरांत अडचण फुरसतीची नाही, पैशाचीही नाही. अडचण भावांची आहे. आजोबा गेले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली, तीन मुलगे, दोन मुली, कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, कुणी परदेशात. धाकटा म्हणतो दुरुस्त करू, थोरला म्हणतो खर्च तूच कर, मधला म्हणतो विका आणि माझा वाटा द्या, आणि बहिणींना कुणी विचारतच नाही. शेताच्या वाटणीचा राग त्या गाडीवर निघतो. कुणीच तिला हात लावत नाही, कारण हात लावणाऱ्याचा हक्क वाढेल अशी प्रत्येकाला भीती. हा तुमचा कोतेपणा आहे. शेताचा वाद कोर्टात पडून राहिला तरी जमीन शिल्लक राहते. गाडीचा वाद पडून राहिला तर वाटायला फक्त गंज उरतो, आणि तो भंगारवाला किलोने घेतो.

गाडीच्या मालकाचा मृत्यू झाला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि 3 महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. किती जणांनी केलं? आरसी बुक कुठल्या ट्रंकेत आहे हे तरी किती जणांना सांगता येईल? कागद हरवलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणणं हे इंजिन बांधण्यापेक्षा अवघड जातं, हे कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला विचारा.

सरकारने तर तुमच्यासाठी वाट मोकळी केली आहे. 2021 च्या जुलैपासून केंद्राचे व्हिंटेज वाहनांचे नियम लागू आहेत. 50 वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला 5,000. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोज बाजारात न्यायला ती गाडी चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यासाठी रस्त्यावर आणता येते. पद्मिनी हे नाव 1974 चं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या नियमात बसतात. पण 'मूळ रूपात राखलेली' हे शब्द पुन्हा वाचा. सडवलेली असं त्यात लिहिलेलं नाही.

आणखी एक वर्ग आहे, ज्याला गाडीचं प्रेम नाही, भावाचं आहे, बाजारभावाचं. "ठेवून देऊ सर, पुढे लाखोंनी जाईल." फ्रान्समधली ती गोष्ट मोबाइलवर पाहिलेली असते. रॉजे बायों नावाच्या उद्योजकाने संग्रहालय काढायचं म्हणून मोटारी जमवल्या, सत्तरच्या दशकात त्याचा धंदा बसला, आणि उरलेल्या साठेक गाड्या त्याच्या शेतवाडीवर कित्येक दशकं पडून राहिल्या. 2015 मध्ये पॅरिसला लिलाव झाला, त्यातली एक फेरारी 1 कोटी 60 लाख युरोंवर गेली. एवढंच तुम्ही पाहिलंत. ती फेरारी बंद गॅरेजमध्ये, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली कोरडी राहिली होती, आणि तिच्यासारख्या मोजक्याच बनल्या होत्या. त्याच वाडीतल्या बाकी कित्येक गाड्या पत्र्याच्या उघड्या शेडखाली गंजून, खचून गेल्या होत्या. त्यांच्याकडे बघा, कारण तुमची गाडी त्यांच्या रांगेत उभी आहे. आणि ज्या माणसाने त्या जमवल्या, त्याचं संग्रहालय झालंच नाही.

पैशाचं म्हणाल तर पूर्ण काम खर्चिक आहे, डेंटिंग-पेंटिंगच मोठी रक्कम खातं. मान्य. पण सडणं थांबवायला लाखो लागत नाहीत. बॅटरी काढून ठेवा. जुनं पेट्रोल काढा. मॅट फेकून द्या. गाडी जॅकवर उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवा, खाली फरशी किंवा मुरूम घाला, प्लॅस्टिक काढून सुती कापड टाका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, काही दिवस तसंच राहू द्या, मग इंजिन हाताने फिरवून पाहा. थेट सेल्फ मारू नका, रिंगा मोडतील. एवढं एका रविवारचं काम आहे, आणि तेही तुम्ही केलेलं नाही. म्हणून खर्चाची सबब मला चालत नाही.

वर्ध्याची जुनी माणसं जमनालालजींच्या एका फोर्ड मोटारीची हकीकत सांगत. तिला बैल जुंपले होते आणि गांधीजी तिच्यातून ये-जा करत. यंत्र चालेना तर बॉडी कामाला लावली, पण वस्तू निकामी पडू दिली नाही. ज्या जिल्ह्यात ही हकीकत सांगितली जाते त्या जिल्ह्यातले तुम्ही आहात.

तेव्हा आता ठरवा. दुरुस्त करायची असेल तर नागपूरच्या किंवा मुंबईच्या जाणत्या मिस्त्रीला या महिन्यात बोलवा आणि त्याच्यासमोर बॉनेट उघडा. तुमच्याने होणार नसेल तर ज्याच्याने होईल त्याला विका, आणि चार पैसे कमी मिळाले तरी विका. विकवत नसेल तर आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या पोरांना द्या, सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात द्या. कार्ब्युरेटर कसा उघडतात हे शिकायला त्यांना खरी वस्तू मिळेल, आजकालच्या गाड्यांत ती राहिलेली नाही. आणि पार गेलीच असेल तर तिचे चांगले भाग दुसऱ्या फियाटवाल्याला द्या, एक मेली तरी दुसरी चालेल. यातलं कुठलंही केलंत तर मी तुम्हाला शाबासकी देईन. काहीच न करणं हा पर्याय मी ठेवलेला नाही.

पुढचा पावसाळा लागण्याआधी भावांना आणि बहिणींना, हो, बहिणींनासुद्धा, एकत्र बसवा आणि त्या ट्रंकेतून आरसी बुक बाहेर काढा.